बॉल पायथनचा लांबलेला उपास

जगभर सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये बॉल पायथन या लहानखुऱ्या आफ्रिकी अजगराची गणना होते, आणि त्याच्या पाळकांना सर्वाधिक चिंतेत टाकणारी गोष्टही ठरलेली असते: काल-परवापर्यंत नेमाने उंदीर गिळणारा हा प्राणी एके दिवशी भक्ष्याकडे पाठ फिरवतो आणि नंतर कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने, काहीही खात नाही. कुत्रा किंवा मांजर चार दिवस जेवले नाही तर ते आजारी आहे असे मानणे योग्यच असते; परंतु सस्तन प्राण्यांच्या भुकेचे हे मोजमाप अजगराला लावले की पाळकाची घालमेल वाढते, तो रोज नवे भक्ष्य पुढे करू लागतो, पेटी उघडून सापाला वारंवार हाताळू लागतो, आणि साध्या कारणाने सुरू झालेला उपास या धडपडीमुळेच लांबत जातो. या प्राण्याने अन्न नाकारणे हा बहुतेक वेळा ऋतूला, वयाला किंवा भोवतालच्या परिस्थितीला दिलेला प्रतिसाद असतो. तो समजून घ्यायचा तर न झालेल्या जेवणांची संख्या मोजण्यापेक्षा सापाचे वजन आणि त्याच्या पेटीतील उष्णता मोजणे अधिक उपयोगाचे ठरते.

या सापाचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस असे असून, 1802 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत पसरलेल्या आफ्रिकेच्या पट्ट्यात, मुख्यतः गवताळ माळरानांत, विरळ झाडीत आणि शेतांच्या कडेला तो आढळतो. पूर्ण वाढलेली मादी साधारण 120 ते 150 सेंटीमीटर लांब भरते आणि नर त्याहून लहान राहतो. दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या जुन्या वारुळांत दडून बसायचे आणि अंधार पडल्यावर भक्ष्याच्या वाटेवर दबा धरायचा, असे त्याचे जीवन असते. धोका जाणवला की डोके मध्ये दडवून तो अंगाचे घट्ट वेटोळे करतो आणि तेथूनच त्याच्या नावातील ‘बॉल’ आला आहे. आग्नेय नायजेरियातील वर्षावनांत लुइसेली आणि अँजेलिची यांनी केलेल्या व 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की लहान आकाराचे साप व झाडांवर अधिक वावरणारे नर पक्षी मोठ्या प्रमाणात खातात, तर मोठ्या माद्यांचा भर उंदीरवर्गीय सस्तन प्राण्यांवर असतो. एकाच जातीच्या सापांत आहाराच्या सवयी एवढ्या भिन्न असू शकतात, हे पाळीव सापाच्या आवडीनिवडीचा विचार करताना विसरता येत नाही. बेनिनमधील ऊइदा या गावी या अजगरांचे एक प्रसिद्ध मंदिर आहे. तेथील साप पवित्र मानले जातात आणि त्यांना रात्री बाहेर सोडण्याची प्रथा सांगितली जाते, म्हणजे पोट कधी आणि कशाने भरायचे हे ते स्वतःच ठरवतात. पेटीतल्या सापाला ही मुभा नसते, आणि त्याच्या उपासाविषयीची पाळकाची जबाबदारी यातूनच उत्पन्न होते.

दीर्घ उपास सोसण्याची अजगराची क्षमता त्याच्या शरीररचनेतच आहे. साप बाह्योष्णी असतो, म्हणजे शरीर उबदार ठेवण्यासाठी तो अन्न जाळत नाही, भोवतालच्या ऊन-सावलीचा उपयोग करतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत त्याला फारच थोडी ऊर्जा पुरते. दबा धरून बसणाऱ्या सापांमध्ये याच्याही पुढची एक सोय आढळते. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी 1990 च्या दशकात ब्रह्मी अजगरावर केलेल्या प्रयोगांतून असे स्पष्ट झाले की दोन जेवणांच्या मधल्या काळात हा साप आपली पचनसंस्था जवळजवळ मिटवून ठेवतो, आतडे आक्रसते, पाचक द्रव्यांची निर्मिती मंदावते, आणि मोठे भक्ष्य गिळताच हीच यंत्रणा एक-दोन दिवसांत पुन्हा वाढून चयापचयाचा वेग विश्रांतीच्या वेळेच्या चाळीसपटीपर्यंत जाऊ शकतो. बॉल पायथन याच कुळातला आहे. मार्शल मॅक्क्यू यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवण्यात आले होते, तेव्हा त्यांनी विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च 72 टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे आढळले, आणि अन्न नसतानाही त्यांची लांबी थोडी वाढली. त्यातून पाळकाने निष्काळजीपणाचा परवाना घेऊ नये; मात्र सुदृढ, प्रौढ सापाच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत घाबरून जाण्याचे कारण नसते, एवढे त्यावरून निःशंकपणे म्हणता येते.

उपासाचे सर्वांत नैसर्गिक कारण ऋतू हे आहे. पश्चिम आफ्रिकेत पावसाळा सरल्यावर या सापांचा मीलनकाळ सुरू होतो आणि माद्या कोरड्या ऋतूत अंडी घालतात. या काळात प्रौढ नर मादीच्या शोधात असतो आणि भक्ष्याकडे त्याचे लक्ष नसते. मादीच्या शरीरात अंडकोश वाढू लागले की तिची भूक मंदावते, आणि अंडी घातल्यावर ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने, पिल्ले बाहेर येईपर्यंत, बहुधा काहीच खात नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेल्या सापांतही ही लय टिकून राहते. जोडीदार नसलेला नरसुद्धा हिवाळ्याच्या सुमारास तीन-चार महिने अन्न नाकारू शकतो. मादीच्या बाबतीत तर नराची उपस्थितीही आवश्यक नसते. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात 1961 पासून असलेल्या एका मादीने 2020 मध्ये, वयाची साठ वर्षे उलटून गेल्यावर आणि किमान पंधरा वर्षे कोणताही नर जवळ नसताना, सात अंडी घातली. एकटी पाळलेली मादी अचानक खाईनाशी झाली, पेटीच्या थंड बाजूला पसरून पडू लागली आणि तिच्या शरीराचा मागचा अर्धा भाग भरलेला दिसू लागला, तर अंडी तयार होत असण्याची शक्यता म्हणूनच ध्यानात घ्यावी लागते.

कात टाकण्याचा काळ हे दुसरे साधे कारण होय. जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार होत असताना सापाचे डोळे दुधी-निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही, तो लपून राहतो आणि बहुधा खात नाही; कात पूर्ण निघाल्यावर दोन-चार दिवसांनी त्याची भूक परतते. नवजात पिल्लाची पहिली कात तर अंड्यातून बाहेर आल्यावर आठ-दहा दिवसांनी निघते आणि तोपर्यंत ते पोटात शिल्लक असलेल्या बलकावर जगते, त्यामुळे त्याआधी त्याच्यापुढे भक्ष्य ठेवण्यात काही अर्थ नसतो. साप कोठून आला हेही येथे महत्त्वाचे ठरते. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून रानात पकडलेल्या गाभण माद्या आणि त्यांच्या अंड्यांतून उबवलेली पिल्ले दीर्घकाळ मोठ्या संख्येने निर्यात होत आली आहेत. असा साप प्रवासाच्या ताणाने, निर्जलीकरणाने आणि अंगातील परोपजीवींमुळे अनेकदा खायला तयार होत नाही, आणि त्याचा उपास पेटीत जन्मलेल्या सापाच्या उपासापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो.

ऋतू, कात आणि अंडी ही कारणे बाजूला ठेवली की उरलेल्या प्रकरणांपैकी बहुसंख्य प्रकरणांचे मूळ पेटीत सापडते. बाह्योष्णी प्राण्याच्या दृष्टीने उष्णता हा पचनाचा अविभाज्य भाग असतो. शरीर पुरेसे तापत नसेल तर गिळलेले भक्ष्य पचण्याआधी पोटात कुजण्याचा धोका असतो, आणि थंड पडलेला साप अन्न नाकारतो तेव्हा तो त्याच्या दृष्टीने योग्य तेच करत असतो. पेटीच्या एका टोकाला पृष्ठभागाचे तापमान साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश असावे, म्हणजे साप गरजेनुसार जागा बदलू शकतो. रात्रीही ते 24 अंशांखाली जाऊ नये. हे आकडे अंदाजाने ठरवण्याचे नाहीत. काचेवर चिकटवलेली तापमापक पट्टी काचेचे तापमान सांगते, साप ज्या जमिनीवर बसतो तिचे नव्हे, म्हणून तारेच्या टोकाला संवेदक असलेला अंकीय तापमापक दोन्ही टोकांना ठेवावा लागतो. उष्णता देणारी गादी किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये, कारण सापाला पोटाखालची अतिउष्णता वेळेवर जाणवेलच असे नाही आणि त्यातून गंभीर भाजण्याच्या जखमा होतात. आर्द्रता साधारण 60 ते 70 टक्के असणे हितकारक असते. हवा फार कोरडी राहिली की कात तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि साप निर्जल होतो, तर अंथरूण सतत ओले राहिले की पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो.

महाराष्ट्रातील पाळकांना या बाबतीत स्थानिक हवामानाचा वेगळा विचार करावा लागतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याची आर्द्रता या सापाला मानवते, पण वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या पेटीतील हवा बाहेर पाऊस कोसळत असतानाही कोरडी असू शकते. पुणे, नाशिक किंवा विदर्भातील हिवाळ्याच्या रात्री पेटीचे तापमान झपाट्याने उतरते, वीज गेल्यास अधिकच, आणि डिसेंबर-जानेवारीत सुरू होणाऱ्या अनेक उपासांमागे ऋतूची आंतरिक लय आणि खरोखर थंड पडलेली पेटी ही दोन्ही कारणे एकत्र असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो: खोलीच 40 अंशांच्या पुढे गेली तर पेटीत थंड टोक उरतच नाही, आणि तेव्हा साप खात नाही हे गौण ठरून त्याला उष्माघातापासून वाचवणे हे पहिले काम होते.

उष्णतेइतकेच महत्त्व सुरक्षिततेच्या भावनेला आहे. बिळात आयुष्य काढणाऱ्या या प्राण्याला चारी बाजूंनी काच असलेल्या मोकळ्या पेटीत कायम उघड्यावर असल्यासारखे वाटते, आणि भेदरलेला साप शिकार करत नाही. उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक अशा लपण्याच्या दोन जागा हव्यात आणि त्या ऐसपैस नसाव्यात. वेटोळे घातलेल्या सापाच्या अंगाला भिंती टेकतील एवढ्याच त्या असाव्यात, एरवी एका जागी उब आणि दुसऱ्या जागी आडोसा यांतून निवड करण्याची वेळ त्याच्यावर येते. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकणे, मोकळ्या जागेत सुकी पाने किंवा कृत्रिम वेली पसरणे, पेटी दूरचित्रवाणी आणि वर्दळीपासून दूर हलवणे, एवढ्या फेरफारांनी कित्येक उपास सुटतात. दोन साप एकाच पेटीत ठेवणे मात्र सर्वथा टाळावे. नवा साप घरी आल्यावर निदान एक आठवडा, आणि उपास करणाऱ्या सापाला तो पुन्हा खाऊ लागेपर्यंत, वजन करण्याखेरीज हातात घेऊ नये. त्याला माणसांची सवय व्हावी म्हणून रोज बाहेर काढण्याची हौस या काळात फार महागात पडते.

परिस्थिती सुधारल्यावरही साप खात नसेल, तर भक्ष्य कसे पुढे केले जाते हे पाहावे. अंधारात शिकार करणाऱ्या बॉल पायथनला दृष्टीपेक्षा गंध आणि उष्णता यांचा आधार अधिक असतो. दुभंगलेल्या जिभेने टिपलेले गंधकण तो टाळूतील जेकबसन अवयवाकडे नेतो, आणि ओठांवरच्या छोट्या खाचांनी भक्ष्याच्या अंगातून येणारी अवरक्त उष्णता ओळखतो. या खाचांतील चेतातंतूंमध्ये कोणते प्रथिन उष्णतेची खूण टिपते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवून दिले. उष्णता आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी ज्युलियस 2021 च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. पाळकासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. गोठवलेला उंदीर नुसता वितळवून कोमट अवस्थेत समोर धरला तर सापाच्या उष्णताग्राही खाचांना तो भक्ष्य म्हणून जाणवतच नाही. रात्रभर फ्रिजमध्ये वितळलेला उंदीर बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा, त्याचे डोके 38 ते 40 अंशांपर्यंत तापू द्यावे, अंग कोरडे पुसावे, आणि संध्याकाळनंतर मंद उजेडात लांब चिमट्याने लपण्याच्या जागेच्या तोंडाशी हलकेच हलवावा. मायक्रोवेव्हमध्ये तो आतून शिजतो आणि फुटतो, म्हणून तो मार्ग टाळावा.

सापाचा प्रतिसाद वाचता येणे हे या कामातील खरे कौशल्य आहे. डोके लपणातून बाहेर, जीभ संथपणे आत-बाहेर होत असलेली आणि मान इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे वळलेली असेल, तर साप शिकारीच्या तयारीत असतो. भक्ष्य जवळ येताच तो डोके मागे घेत असेल, वेटोळे घट्ट करत असेल, किंवा झडप घालून लगेच सोडून देत असेल, तर ती भीती समजावी आणि भक्ष्य मुकाट्याने दूर करावे. काही साप कोणी पाहत असेपर्यंत खातच नाहीत. त्यांच्यासाठी मेलेला, गरम उंदीर लपणाच्या दाराशी ठेवून रात्रभर खोलीत कोणी न जाणे हाच उपाय असतो, आणि सकाळी तो तसाच राहिलेला असेल तर टाकून द्यावा. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा थोडी कमी असावी. वाढत्या सापाला लहान उंदरावरून मोठ्यावर नेताना काही साप अडतात, तेव्हा पूर्वी चालणारे भक्ष्य पुन्हा देऊन पाहावे. मोठ्या पांढऱ्या उंदराऐवजी लहान उंदीर, किंवा जेथे कायदेशीररीत्या मिळतो तेथे आफ्रिकेतील मऊ केसांचा उंदीर, जो या सापाच्या नैसर्गिक भक्ष्याच्या जवळचा आहे, तो स्वीकारला जातो असा अनुभव आहे. घरात किंवा गल्लीत पकडलेली घूस वा उंदीर मात्र कधीही देऊ नये, कारण त्याच्या अंगात परोपजीवी आणि पोटात उंदीरनाशक विष असू शकते. साप दूध पितो ही आपल्याकडील समजूत उपाशी सापाच्या बाबतीतही निराधारच आहे. त्याला हवे असते ते स्वच्छ पाणी.

जिवंत उंदराविषयी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. साप हटून बसला की जिवंत उंदीर पेटीत सोडून रात्रभर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो घातक आहे. भूक नसलेला साप उंदराला प्रतिकार करत नाही, तर भुकेलेला उंदीर सापाला कुरतडतो. पाठीची कातडी स्नायूंपर्यंत खाल्ली गेल्याची उदाहरणे सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना परिचित आहेत. उंदराच्या वाट्याला येणारी भीती आणि यातना हाही विचारात घेण्याजोगा भाग आहे.

एकदा नकार मिळाल्यावर पुढचा प्रयत्न प्रौढ सापासाठी दहा ते चौदा दिवसांनी आणि पिल्लासाठी आठवड्याने करावा. मधल्या काळात पाळकाने दर आठवड्याला ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर सापाचे वजन करून ते तारखेसह लिहून ठेवावे, कारण उपास धोकादायक होतो आहे की नाही याचे उत्तर याच नोंदीत असते. दीड किलोची मादी तीन महिन्यांत 50 ग्रॅम उतरली तर चिंतेचे कारण नाही. तीच 150 ग्रॅमच्या पुढे, म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक उतरली, तर सरीसृपांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे जाण्याची वेळ आलेली असते. पाठीचा कणा धारेसारखा वर दिसणे, कातडीला सैल घड्या पडणे, डोळे खोल जाणे ही लक्षणे दिसली तर टक्केवारीची वाट पाहू नये. शंभर ग्रॅमच्या पिल्लाजवळ साठाच नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत चार-सहा आठवड्यांचा उपासही तज्ज्ञाला दाखवण्याजोगा ठरतो. उलटपक्षी, अति खाऊ घातलेल्या लठ्ठ सापाचा उपास अनेकदा त्याच्या शरीराने स्वतःच केलेली दुरुस्ती असते.

काही चिन्हे वजनाचा विचार न करता तातडीची मानावीत. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासात शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, नाकातोंडातून चिकट बुडबुडे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. बॉल पायथनमध्ये असा आजार निडोव्हायरस या गटातील विषाणूमुळेही होतो, हे 2014 मध्ये उजेडात आले. हिरड्या लाल होऊन त्यांवर पिवळसर पापुद्रा धरणे म्हणजे मुखपाक होय, आणि दुखऱ्या तोंडाने साप खाणार नाही हे उघडच आहे. खवल्यांच्या फटींत किंवा पाण्याच्या भांड्यात दिसणारे काळे, हलणारे ठिपके रक्त शोषणारे माइट असतात. गिळलेले भक्ष्य उलटून टाकणे, डोके वाकडे होणे, उलटे केल्यास सरळ होता न येणे ही लक्षणे अधिक गंभीर असून, असा साप घरातील इतर सापांपासून लगेच वेगळा करावा लागतो.

जबरदस्तीने भरवण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. तोंड उघडून उंदीर आत सारणे किंवा नळीने पातळ अन्न पोटात सोडणे यांत घशाला इजा होऊ शकते, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि भक्ष्य व भीती यांचा संबंध सापाच्या मनात अधिक पक्का होतो. हा उपाय वजन खरोखर घसरलेल्या किंवा कधीच खायला न शिकलेल्या पिल्लासाठी राखून ठेवावा आणि तो जाणकार पशुवैद्याच्या हातून किंवा देखरेखीखालीच व्हावा. त्याआधी कोमट, उथळ पाण्यात बसवून किंवा वैद्यकीय मार्गाने शरीरातील पाण्याची तूट भरून काढणे आवश्यक असते.

भारतात पशुवैद्याकडे जाण्याआड कायद्याची भीतीही येते, म्हणून तेही सांगणे योग्य होईल. आपल्या रानातील भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून तो पाळणे हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करणे, तसेच त्याचे हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू कळवणे बंधनकारक झाले आहे. चोरट्या मार्गाने, सामानात कोंबून आणलेली पिल्ले अर्धमेल्या अवस्थेत खरेदीदाराच्या हाती पडतात आणि मग ती खात नाहीत, यात त्या पिल्लांचा काहीच दोष नसतो.

बहुतेक साप अखेरीस एखाद्या रात्री, विशेष काही न घडता, भक्ष्य पकडतात. तेव्हा महिन्यांची कसर एका जेवणात भरून काढण्याचा प्रयत्न करू नये: मिटून राहिलेल्या पचनसंस्थेला पुन्हा वाढण्यास वेळ लागतो, आणि दीर्घ उपासानंतर मोठे भक्ष्य दिल्यास साप ते उलटून टाकण्याची किंवा त्याच्या रक्तातील क्षारांचा तोल बिघडण्याची शक्यता असते. पहिले भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे असावे, त्यानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये आणि उबदार टोकाचे तापमान उतरू देऊ नये. दुसरे जेवण आठ-दहा दिवसांनी तेवढेच लहान द्यावे, आणि ही दोन जेवणे पचून विष्ठा नीट झाल्याचे दिसल्यावरच भक्ष्याचा आकार पूर्ववत करावा.